जुन्या रथाचें मोल

‘जुनें तें सोनें’ ही म्हण आपण सहज उच्चारतों. परंतु सोन्याची आणि जुन्या वस्तूची तुलना एका बाबतींत मुळींच जमत नाहीं. सोन्याचा अलंकार आटविला, नवा घडविला, पुन्हा आटविला, तरी तोळ्यामागें भाव तोच राहतो. घडणावळ तेवढी बुडते. जुन्या वस्तूचें तसें नाहीं. ती आटवून नवी केली कीं तिचें जुनेपण जातें, आणि जुनेपणाबरोबर मोलहि जाऊं शकतें. मग जुनी वस्तु दुरुस्त करावी तरी किती? आणि कोणी ती अगदीं नव्यासारखी करून दिली, तर घेणाऱ्यानें तिच्यासाठीं काय मोजावें? हा प्रश्न या महिन्यांत वाचकांपुढें मांडण्याचें योजिलें आहे. आणि त्याकरितां उदाहरण घेतलें आहे तें जुन्या शर्यती थाटाच्या मोटारींचें, म्हणजे ज्यांना आज सर्वत्र ‘क्लासिक स्पोर्ट्स कार’ म्हणतात त्यांचें.

शाळामास्तराला मोटारींतलें काय कळतें, असें कोणी म्हणेल. मला गाडी हांकतां येत नाहीं हें खरें. परंतु मूळ पाठ कोणता आणि प्रक्षिप्त कोणता, ही चौकशी ज्यानें पोथ्यांच्या संगतींत जन्मभर केली, त्याला हा प्रश्न परका वाटत नाहीं. निमित्त झालें तें एका पत्राचें. इंग्लंडांत नोकरी करून तेथेंच स्थायिक झालेला माझा एक विद्यार्थी लिहितो कीं, निवृत्तीच्या वेळीं हातीं आलेल्या पैशांतून त्याला ‘एम्. जी. बी.’ जातीची दोन आसनांची उघडी मोटार घ्यावयाची आहे. दोन गाड्या त्यानें पाहून ठेविल्या आहेत. एक नखशिखांत नवी केलेली, आरशासारखी चकाकणारी आणि दुप्पट किमतीची. दुसरी पन्नास वर्षें वापरांतली, रंग विटलेली, गाद्यांना सुरकुत्या पडलेली, पण चालती. आणि तिच्याबरोबर पहिल्या खरेदीपासूनच्या पावत्यांचें एक जाडजूड बाड. पत्नीचें म्हणणें, ‘एवढे पैसे घालवायचेच, तर निदान नवी दिसणारी तरी घ्या.’ मुलाचें म्हणणें, दोन्ही नकोत. ‘गुरुजी, आपलें मत काय?’ असें पत्राच्या शेवटीं विचारलें आहे.

मत देण्यापूर्वीं ‘नखशिखांत नवी करणें’ म्हणजे काय, हें पाहिलें पाहिजे. आपल्याकडे देवळाचा जीर्णोद्धार करतात, तसाच हा गाडीचा जीर्णोद्धार होय. गाडी शेवटच्या नट-बोल्टापर्यंत सुटी करतात. प्रत्येक भागाचें छायाचित्र घेऊन त्याला चिठ्ठी बांधतात. रंग खरवडून पत्रा उघडा करतात. गंजानें खाल्लेला तुकडा कापून काढून त्याच घाटाचा नवा पत्रा हातोडीनें ठोकून बसवितात. एंजिनाचे सिलिंडर पुन्हा कातले जातात, पिस्टन बदलले जातात, कड्यांना आणि दांड्यांना क्रोमचा नवा मुलामा चढतो. विजेच्या तारांना त्या काळीं कापडी वेष्टण असेल, तर शोधून तसलेंच घालतात. अशा कामाला हजार-दोन हजार तास सहज लागतात, आणि युरोप-अमेरिकेंत कुशल कारागिराचा एकेक तास महाग असतो. परिणाम असा होतो कीं, सामान्य जातीच्या गाडीवर केलेला खर्च तिच्या बाजारभावाहून अधिक भरतो. एम्. जी. बी. ही १९६२ पासून १९८० पर्यंत निघाली आणि पांच लाखांहून अधिक विकली गेली. जी वस्तु इतकी विपुल, तिच्यावर कितीहि कष्ट घेतले तरी बाजार त्या कष्टांची पुरी भरपाई देत नाहीं.

यांतूनच या व्यवहारांतल्या जाणत्यांचा एक उपदेश निघाला आहे: जीर्णोद्धार करूं नये, झालेला विकत घ्यावा. पहिल्या मालकाचा तोटा तो दुसऱ्याचा लाभ. अमेरिकेंत जुन्या गाड्यांचा विमा उतरविणारी हॅगर्टी नांवाची कंपनी आहे; ती एकाच गाडीच्या अवस्थेप्रमाणें चार प्रती लावते आणि प्रत्येकीचा भाव निराळा सांगते. पहिल्या प्रतीची गाडी जगांतल्या उत्तमांपैकीं एक असावी लागते. दुसरी उत्तम, तिसरी चांगली, चौथी केवळ बरी. चौथ्या प्रतीवरून पहिल्या प्रतीवर जाण्यास जो पैसा लागतो, तो दोन्ही भावांच्या अंतराहून पुष्कळ वेळां मोठा असतो. तेव्हां परिपूर्ण जीर्णोद्धाराचें पहिलें मोल तें हें: दुसऱ्याचे श्रम, दुसऱ्याचा मनस्ताप आणि दुसऱ्याचा काळ आपल्याला सवलतीनें मिळतो. तिशींतला मनुष्य तीन वर्षें कारखान्याचे उंबरे झिजवील. साठीच्या माणसाला तीन वर्षें ही मोठी रक्कम आहे.

परंतु येथें एक गोम आहे. चकाकता रंग हा झांकणासारखा असतो. एम्. जी. बी. ला निराळा सांगाडा नाहीं; तिचा पत्राच तिचा भार वाहतो. दाराखालच्या पोकळ पट्ट्या गंजल्या कीं गाडीची कंबरच खचते. वरून लांबी भरून, घासून, रंग दिला तर हें व्यंग डोळ्यांना दिसत नाहीं. म्हणून जाणता गिऱ्हाईक फडक्यांत गुंडाळलेला लोहचुंबक खिशांतून नेतो आणि दारांच्या खालून हळूच फिरवितो. जेथें चुंबक धरत नाहीं, तेथें लोखंडाऐवजीं लांबी आहे असें समजावें. उलट, प्रामाणिक जीर्णोद्धार करणारा माणूस उघड्या पत्र्याचीं छायाचित्रें, बिलें, बदललेल्या भागांची यादी हें सर्व आपण होऊन पुढें ठेवितो. हा पुरावा नसेल, तर आरशासारखी गाडीहि न फोडलेल्या नारळासारखी होय. आंत खोबरें कीं खवट, हें दैवावर.

आतां या बाजाराच्या वरच्या टोकाकडे वळूं. फेरारी कंपनीनें १९६२ ते १९६४ या काळांत ‘२५० जी. टी. ओ.’ या जातीच्या अवघ्या ३६ गाड्या बांधल्या. त्यांतली एक २०१८ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियांतल्या मॉन्टेरे येथील लिलावांत ४ कोटी ८४ लाख डॉलरांस गेली. त्या वेळच्या दरानें सुमारें ३४० कोटी रुपये. मर्सेडिस-बेंझ कंपनीनें आपल्या संग्रहांतली ‘३०० एस्. एल्. आर.’ जातीची बंदिस्त गाडी, जिच्या जगांत दोनच प्रती आहेत, मे २०२२ मध्यें स्टुटगार्ट येथें १३ कोटी ५० लाख युरोंस विकली. मोटारगाडीला तोंवर एवढी किंमत कोणी दिली नव्हती. हा पैसा कंपनीनें विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्यांसाठीं वेगळा काढला, ही त्यांतली आपणां शिक्षकांना आवडणारी गोष्ट.

हे आंकडे ऐकून कोणाला वाटेल कीं, एवढें द्रव्य गाडीच्या निर्दोषपणासाठीं मोजलें जातें. तसें असतें, तर खालची गोष्ट घडलीच नसती. जॅग्वार कंपनीनें आपल्या प्रसिद्ध ‘ई-टाइप’ गाडीचा ॲल्युमिनियमचा हलका प्रकार शर्यतीसाठीं १८ नगांचा योजिला होता. १९६३-६४ मध्यें प्रत्यक्षांत १२ च झाले. पन्नास वर्षांनंतर, २०१४ सालीं, कंपनीनें उरलेले सहा नग बांधावयास घेतले: तीच रेखाकृति, तोच धातु, राखून ठेविलेले तेच अनुक्रमांक, आणि काम त्याच कंपनीच्या कारागिरांचें. प्रत्येकीची किंमत सुमारें दहा लाख पौंड होती. याहून परिपूर्ण गाडी कोणती असणार? तरीहि १९६३ ची मूळ एक गाडी २०१७ च्या जानेवारींत अमेरिकेंतल्या स्कॉट्सडेल येथें ७३ लाख ७० हजार डॉलरांस विकली गेली, म्हणजे नव्या नगाच्या चौपटीहून अधिक किमतीला. रूप एक, धातु एक, निर्माता एक. अंतर पडलें तें एवढ्याचमुळें कीं, जुनी गाडी त्या काळीं होती, शर्यतींत उतरली होती, आणि नवी तेव्हां नव्हती. हें ‘असणें’ कोणत्याहि कारखान्यांत बनत नाहीं.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ग्राहकांची अभिरुचीहि याच दिशेनें वळली आहे. २०१४ सालीं पश्चिम फ्रान्समधील एका वाहतूक-व्यावसायिकाच्या जागेंत, पडवींत आणि झुडपांत दशकानुदशकें पडून असलेल्या गाड्यांचा मोठा संग्रह उजेडांत आला. त्यांत १९६१ ची एक फेरारी ‘कॅलिफोर्निया स्पायडर’ जुन्या मासिकांच्या ढिगाखालीं धूळ खात उभी होती. प्रसिद्ध नट आलँ देलाँ यानें ती एके काळीं वापरली होती. फेब्रुवारी २०१५ मध्यें पॅरिस येथें ती धुळीसकट लिलावांत मांडली, आणि सुमारें १ कोटी ६३ लाख युरोंस गेली. विकणाऱ्यांनीं धूळ पुसली नाहीं, कारण धूळ ही साक्षीदार होती. पुढें २०२४ च्या ऑगस्टांत कॅलिफोर्नियाच्या पेबल बीच येथें याहून अर्थपूर्ण गोष्ट घडली. १९५० पासून चालत आलेलें तेथील प्रदर्शन या क्षेत्रांतलें सर्वश्रेष्ठ मानलें जातें, आणि डोळे दिपविणाऱ्या जीर्णोद्धारांबद्दल त्याची ख्याति आहे. त्या वर्षीं सर्वोच्च मान मिळाला तो १९३४ च्या ‘बुगाटी टाइप ५९’ या गाडीला. बेल्जमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्या संग्रहीं एकदां असलेली ही गाडी जीर्णोद्धार न करतां, आहे तशी जतन केलेली होती. अशा गाडीला तो मान मिळण्याची ती पहिलीच वेळ.

यावरून जीर्णोद्धार हा अपराध आहे असें कोणी समजूं नये. गंजून भोकें पडलेली गाडी वांचवावयाची, तर दुसरा मार्ग नाहीं. दोष आहे तो अतिरेकांत. आजचे रंग जुन्या कारखान्यांतल्या रंगांहून किती तरी गुळगुळीत बसतात. मूळ गाडीवर नारिंगाच्या सालीसारखी बारीक खरखर असे, ती नाहींशी होते. जेथें मुळांत साधा काळा रंग होता, तेथें हौसेनें क्रोम चढतें. अशी गाडी जन्मतःहि जितकी सुंदर नव्हती, तितकी सुंदर होते; म्हणजे जीर्णोद्धार संपून तेथें नवी कल्पना सुरू होते. याला उतारा म्हणून अमेरिकेंतल्या कॉर्व्हेट गाड्यांच्या शौकिनांनीं १९७४ सालीं एक संस्था स्थापिली. तिचे परीक्षक गाडी कारखान्यांतून निघाली तशीच आहे कीं नाहीं एवढेंच पाहतात. मग जीर्णोद्धार करणारे लोक कामगारांनीं खडूनें मारलेल्या खुणा आणि इकडे तिकडे उडालेले रंगाचे शिंतोडेहि पुन्हा काढूं लागले! पूर्णत्वाच्या ध्यासानें अपूर्णत्वाची नक्कल करावी लागावी, हा मोठा विनोद आहे. परंतु त्याच्या मुळाशीं सत्याची भूक आहे, हेंहि विसरतां येत नाहीं.

बदलतां बदलतां गाडी ‘तीच’ केव्हांपर्यंत राहते, हा प्रश्न एकदां न्यायासनापुढेंहि गेला. बेंटले कंपनीच्या एका ‘स्पीड सिक्स’ गाडीनें १९२९ आणि १९३० अशीं लागोपाठ दोन वर्षें फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणत. पुढें तिच्यांत वारंवार फेरफार झाले. मोठें एंजिन आलें. १९३२ सालीं ब्रूकलंड्स येथील शर्यतींत ती कठड्यावरून खालीं कोसळून चालक ठार झाला, आणि त्यानंतर तिची बंदिस्त गाडी म्हणून पुन्हा बांधणी झाली. १९९० सालीं ती १ कोटी पौंडांस विकण्याचा करार झाला. तेव्हां जुन्या मोटारींचे भाव शिगेला पोहोंचले होते. खरेदीदारानें मग हात आखडला. त्याचें म्हणणें, १९२९ चें हिच्यांत फारच थोडें उरलें आहे, तेव्हां ही ती गाडीच नव्हे. लंडन येथील न्यायमूर्ति ऑटन यांनीं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. शर्यत जिंकतांना होती त्या मूळ स्वरूपांतली ही गाडी नव्हे, हें त्यांनीं मान्य केलें. परंतु ती कधींहि मोडून दुसरी केली गेली नाहीं. एकेक नवा भाग जुन्या समग्रांत मिसळत गेला, आणि तिची परंपरा कोठेंच तुटली नाहीं. म्हणून ती अस्सल ‘ओल्ड नंबर वन’च होय, असा त्यांनीं निर्णय दिला. खरेदीदाराला करार पाळावा लागला.

आपल्या वाचकांना येथें ‘मिलिंदप्रश्ना’ची आठवण होईल. राजा मिलिंद रथांतून आला असतां भिक्षु नागसेन त्याला विचारतो: चाकें म्हणजे रथ काय? आंस म्हणजे रथ काय? जूं म्हणजे रथ काय? राजा प्रत्येक वेळीं नाहीं म्हणतो, आणि शेवटीं कबूल करतो कीं, या सर्वांच्या मेळाला व्यवहारांत दिलेलें नांव म्हणजे रथ. नागसेनाला त्यांतून आत्म्याविषयीं बोलावयाचें होतें. न्यायमूर्तींना एका कराराचा निकाल द्यावयाचा होता. तरी दोघांचें बोट एकाच स्थळावर येतें. वस्तूची ओळख तिच्या पत्र्यांत मावत नाहीं. तिच्या अखंड हकीकतींत ती असते. १९८८ पासून इंग्लंडांत एम्. जी. बी. चा अख्खा नवा पत्र्याचा साठा विकत मिळतो. त्यांत जुनें एंजिन आणि जुन्या गाद्या बसविल्या कीं गाडी उभी राहते. यांत लबाडी कांहींच नाहीं. लबाडी होते ती ही गोष्ट गिऱ्हाइकापासून लपविली तर.

आणखी एक हिशेब राहिला, तो उपयोगाचा. पहिल्या प्रतीची गाडी रस्त्यावर काढली कीं प्रत्येक मैलागणिक ती दुसऱ्या प्रतीकडे सरकते. खडा उडाला, पाऊस लागला, गादीवर कोणी बसलें, कीं हजारों तासांतले कांहीं तास गेलेच. म्हणून अशा पुष्कळ गाड्या दुसऱ्या वाहनावर चढवून प्रदर्शनास नेतात आणि तशाच परत आणतात. देवघरांतली मूर्ति न हालविणें समजूं शकतें. पण धांवण्यासाठींच जन्मलेली वस्तु जपण्यासाठीं थांबवून ठेवणें म्हणजे तिच्या स्वभावाविरुद्ध जाणें होय. ज्याला केवळ ठेव म्हणून गाडी हवी, त्याला हें चालेल. परंतु ठेव म्हणूनहि ती चंचल आहे. १९८० च्या दशकाच्या शेवटीं चढलेले भाव पुढच्या दोन-चार वर्षांत धाडकन् उतरले, आणि पुष्कळांच्या गाड्या दारांत उभ्या असतां पैसे मात्र पळाले.

आतां विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें उत्तर. त्याला मीं लिहिलें आहे: तुला गाडी चालवावयाची आहे, लेकीसुनांना आणि नातवंडांना बसवून समुद्रकांठीं न्यावयाची आहे. चकाकणाऱ्या गाडीसाठीं जी दुप्पट रक्कम मागतात, तिच्यांतील श्रमांचा भाग न्याय्य आहे. मात्र उघड्या पत्र्याचीं छायाचित्रें आणि बिलें दाखविलीं तरच तो द्यावा, आणि तेव्हांहि ती गाडी वापरण्याचा धीर तुला होईल कीं नाहीं हें मनाला विचारावें. दुसरी गाडी मोडकळीस आलेली नाहीं, वृद्ध आहे. तिच्या पट्ट्या जाणत्याकडून तपासून घे; लोखंड शाबूत असेल तर तीच घे, ब्रेक आणि टायर नवे कर, आणि रंगाला हात लावूं नको. पावत्यांचें बाड मात्र गाडीहून अधिक जप. पत्नीला सांग कीं, नवी दिसणारी गाडी पुढें कधींहि करतां येते. जुनी राहिलेली गाडी एकदां नवी केली कीं पुन्हा जुनी करतां येत नाहीं. मुलाला कांहीं सांगूं नको. पहिल्या फेरीनंतर तोच किल्ली मागेल.

ही चर्चा केवळ परदेशाची नाहीं. आपल्या केंद्र सरकारनें २०२१ सालीं जुन्या वाहनांसाठीं निराळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षें उलटलेलें, मूळ स्वरूपांत राखलेलें आणि सांगाडा, साठा किंवा एंजिन यांत भारी फेरबदल न झालेलें दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवितां येतें. त्याच्या क्रमांकांत राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्ही. ए.’ हीं अक्षरें येतात. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षें चालते. नित्याच्या वा धंद्याच्या वापराला तें वाहन नेतां येत नाहीं. म्हणजे मूळ स्वरूप राखण्यालाच आपल्या कायद्यानेंहि मान दिला आहे.

ज्या घरांत आजोबांची मोटार, मोटारसायकल किंवा स्कूटरहि पडवींत आच्छादनाखालीं उभी असेल, तेथें भावाभावांत दोन पक्ष असतातच: एकाला ती विकावयाची असते, दुसऱ्याला चकचकीत करावयाची असते. दोघांनींहि आधीं एक काम करावें. कपाटांतून नोंदणीचें पुस्तक, विम्याचे कागद, पेट्रोलच्या आणि दुरुस्तीच्या पावत्या, आणि आजोबा तिच्याशेजारीं उभे असलेलें तें पिवळें पडलेलें छायाचित्र बाहेर काढून एका फायलींत लावावें. घरांत जीं वडील मंडळी हयात आहेत, त्यांच्याकडून गाडी कधीं घेतली, कोठवर गेली, केव्हां बंद पडली, हें विचारून लिहून ठेवावें. रंगारी उद्यांहि मिळेल, सुटे भाग महिन्याभरानेंहि येतील. सांगणारा माणूस मात्र किती दिवस आहे, हें कोणी सांगावें? मोल वाढविणारें सर्वांत मोठें काम तेंच, आणि त्याला एक पैहि खर्च येत नाहीं.